पीक फ्लो मीटर: आठ महिने फुंकून झाल्यावर

रात्री अडीचला छाती आवळून यायची आणि कळायचं नाही, हा दमा की धास्ती? मी सरळ पंप ओढायचे. पंपाने हात थरथरायचे, छातीत धडधडायचं (ते त्या औषधाचंच असतं), की मला वाटायचं, वाढलाच! पुन्हा पंप. पुढे जिने टाळले, मग बाहेर पडणंच टाळलं. फुप्फुसं इतकी बिघडली नव्हती, जितकं मी जगणं आवरतं घेतलं होतं.

डॉक्टरांनी हा मीटर घ्यायला लावला. दम्याने श्वासनळ्या आवळल्या की फुंकरीचा वेग घटतो, तो वेग हा मोजतो. प्लास्टिकची नळी, वर आकडे आणि एक लाल काटा, बस. काटा तळाला आणायचा, उभं राहून छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एकदम जोरात फुंकायचं. तीनदा. सगळ्यात मोठा आकडा वहीत. बरी असताना माझा 420 येतो. त्याच्या 80 टक्के, म्हणजे 336 किंवा त्याच्या वर हिरवा पट्टा, निम्म्याखाली लाल. लाल दिसला की पंप घेऊन तडक दवाखाना.

दुसऱ्याच आठवड्यात रात्री उठले तर ओठांभोवती मुंग्या, बोटं बधिर. फुंकलं: 410. मुंग्या दम्याच्या नव्हत्याच, घाबरून भराभर श्वास घेतल्याच्या होत्या. पलंगाच्या कडेला बसून सावकाश श्वास सोडत राहिले आणि झोपले. महिन्याभराने तशीच रात्र. ‘मनाचेच खेळ’ म्हणत फुंकलं, तर 260! पंप घेतला, सकाळी डॉक्टरांकडे.

तक्रारी आहेत. आकडे बारीक, रात्रीच्या दिव्यात दिसत नाहीत. शिवाय सगळा खेळ तुमच्या जोरावर: मन खचलेलं असलं की फुंकरही अर्धीच निघते, आकडा घसरतो आणि मन आणखी खचतं. मध्यंतरी मी दिवसाला पंधरा वेळा फुंकत होते. त्यानेच खोकला सुरू व्हायचा. समुपदेशक बाईंनी वही बघून कपाळाला हात लावला. आता सकाळ-संध्याकाळ, आणि त्रास झाला तर. माहितीपत्रकात नळी धुवायची कशी ते चित्रांसकट आहे, आकड्याचीच भीती बसली तर काय, यावर अक्षर नाही.

तरी घ्याच. मी मीटर पलीकडच्या खोलीत ठेवते. उठून तिथवर जाईपर्यंत कितीदा तरी भीती निम्मी होते. पंप मात्र उशाशीच.