सायलेन्सरमधले फटाके आणि बाकाखालचा कुत्रा : पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन संच घ्यावा का?

मारझोडीतून सोडवून आणलेला कुत्रा आणि किकवर चालणारी जुनी मोटारसायकल एकाच छपराखाली आली, की गाडीच्या दोषांचा क्रम बदलतो. तेल गळतंय? गळू द्या, खाली पत्र्याचा ट्रे सरकवता येतो. अ‍ॅव्हरेज कमी? तेही चालेल. सायलेन्सर फटाके मारतो, हे मात्र चालत नाही. इंजिनाची एकसुरी धडधड बहुतेक कुत्रे हळूहळू अंगवळणी पाडून घेतात. मधूनच येणाऱ्या ‘फाड्’ची सवय सहसा होत नाही, उलट भीती चढत जाते. म्हणून पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे जुने संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवावा का, हे इथे ठिणगीच्या जोरावर तपासलेलं नाही. फटाके थांबतात का आणि गाडी किती किकांत उचलते, एवढ्या दोनच कसोट्या लावल्या आहेत.

किकांचा मुद्दा जरा खाली बसून, कुत्र्याच्या उंचीवरून पाहा. लाथा खाल्लेल्या कुत्र्याला इंजिन चालू होण्याची वाटच पाहावी लागत नाही. किकचा दांडा बाहेर उघडल्याचा ‘खट्’ ऐकला की त्याचे कान मागे जातात, शेपूट पोटाखाली जाते, आणि माणूस पाय उचलेपर्यंत तो बाकाखाली भिंतीला चिकटलेला असतो. उचललेला पाय म्हणजे काय, हे त्याला माणसांनीच शिकवलेलं असतं. एका किकेत गाडी उचलली तर हा प्रकार एकदाच होतो. आठ मारल्या तर आठदा, वर गाडीला घातलेल्या शिव्या वेगळ्या, आणि त्या आपल्यालाच आहेत असं कुत्रा धरून चालतो.

संचात तीन वस्तू असतात. पॉइंटच्या प्लेटच्या जागी बसणारी सेन्सरची प्लेट, कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या दांडीच्या) टोकाला बसणारा चुंबकाचा छोटा रोटर, आणि सीटखाली किंवा टाकीखाली लपवायचा काळा डबा. यात दोन जाती आहेत. एकीत वेगाप्रमाणे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुढेमागे करायचं काम डबाच करतो आणि जुना वजनं-स्प्रिंगवाला अ‍ॅडव्हान्सर काढून ठेवायचा असतो. दुसरीत सेन्सर फक्त पॉइंटची जागा घेतो, अ‍ॅडव्हान्सर तसाच राहतो. दुसरी बसवायला सोपी, पण अ‍ॅडव्हान्सरच्या स्प्रिंग ढिल्या पडल्या असतील किंवा वजनं गंजून अडकत असतील, तर अर्धा रोग गाडीतच राहतो. अडकलेल्या अ‍ॅडव्हान्सरमुळे टायमिंग पुढेच राहिलं तर किक उलटा दणका देते आणि घोटा सुजतो. घ्यायचाच असेल तर पहिल्या जातीचा घ्या.

पॉइंट हा काही वाईट प्रकार नव्हे. तो हळूहळू बिघडतो, एवढंच. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते. टाच झिजली की गॅप (पॉइंट उघडल्यावर पडणारी फट) कमी होतो, गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतो, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही मिश्रण जळतच असतं, पाईप नको तेवढा तापतो, आणि मध्येच एखादी ठिणगी चुकली तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पुढच्या गरम झोतावर पेटतं. फटाका तो हाच. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असतो. तो फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) तपासायचा, टाचेला टाचणीच्या डोक्याएवढं ग्रीस लावायचं. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं आणि मिसिंग (मधूनच ठिणगी चुकणं) सुरू. पॉइंटवर उडणारी ठिणगी आवरणारा कंडेन्सर साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा असतो. तो जायला लागला की पॉइंटवर मोठ्या निळसर-पांढऱ्या ठिणग्या दिसतात, एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर टेंगूळ उठतं, आणि थंड असताना शहाण्यासारखी चालणारी गाडी तापली की मिसिंग मारते.

आता खरी गोम. बरेच फटाके इग्निशनचे नसतातच, आणि संच घेऊन पस्तावणारे लोक बहुधा इथेच फसलेले असतात. फटाके फक्त थ्रॉटल सोडल्यावर, उतारावर वाजत असतील तर संशय आधी पाईपवर घ्या. सिलिंडरच्या तोंडाशी पाईप जिथे बसतो तिथे काजळीची काळी जीभ दिसते का पाहा. थंड इंजिन चालू करून त्या जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गॅसकेट गेलंय, तिथून बाहेरची हवा आत ओढली जातेय आणि पाईपातलं उरलंसुरलं पेट्रोल त्या हवेवर पेटतंय. गॅसकेट बदला, संचाची गरज नाही. जोड घट्ट असेल तर पायलटचं (कमी थ्रॉटलला लागणारं) मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, आहे का ते बघा. इथे एक खोडा आहे: काही कार्ब्युरेटरांत हे मिश्रण लावायचा स्क्रू हवेचा असतो, आत फिरवला की मिश्रण श्रीमंत (पेट्रोल जास्त) होतं, काहींत तो पेट्रोलचा असतो आणि तिथे बरोबर उलटं. कोणता आहे हे माहीत नसताना फिरवू नका. एक्झॉस्टचा टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारा भाग) फार घट्ट असला तरी व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि गाडी फाडफाड करते. चालत्या गाडीची चावी बंद करून पुन्हा चालू केली तर फटाका वाजणारच, त्याला कुठलाही संच काही करू शकत नाही.

भार असताना, तापल्यावर किंवा मनाला येईल तेव्हा मिसिंग होऊन फटाके येत असतील, गॅप दर काही दिवसांनी पुन्हा लावावा लागत असेल, कॅमची दांडी बुशमध्ये हलत असेल, तर संच पैसे वसूल करतो. दांडीच्या हालचालीने पॉइंटचा गॅप दर फेरीला बदलतो. सेन्सरला तो फरक पॉइंटइतका जाणवत नाही, म्हणून घासलेल्या इंजिनात संचाचा फायदा जास्त दिसतो. नव्याकोऱ्या पॉइंटच्या, नीट लावलेल्या गाडीत मात्र फरक शोधावा लागतो.

बसवायला अर्धा दिवस धरा. आधी बॅटरीची जोडणी काढा. प्लग काढून पिस्टन वरच्या टोकाला आणा. प्लगचं भोक तिरकं असेल तर त्यात लोखंडी सळई घालून क्रँक फिरवू नका. ती अडकली की पिस्टनच्या डोक्यावर ओरखडा पडतो. डायल गेज किंवा अंशांची तबकडी वापरा. गाडीच्या पुस्तकात पूर्ण अ‍ॅडव्हान्सचा आकडा दिलेला असतो, तोच प्रमाण. रोटर ज्या निमुळत्या भागावर बसतो तो पेट्रोलने पुसून कोरडा करा. रोटरचा बोल्ट जुन्या अ‍ॅडव्हान्सरचाच वापरला आणि तो लांब निघाला, तर तो भोकाच्या तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो आणि रोटर मात्र सैलच राहतो. मग दहा-वीस किलोमीटरनंतर टायमिंग आपोआप सरकतं आणि दोष संचाला जातो. बोल्ट आवळल्यावर रोटर बोटांनी फिरवून पाहा, फिरता कामा नये.

रोटर कॅमशाफ्टवर असेल तर तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे प्लेटवरची एक अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. म्हणून ‘अंदाजे मध्यावर’ ठेवून सोडून देऊ नका. इंजिन बंद ठेवून केलेली मांडणी फक्त गाडी चालू होण्यापुरती धरायची. शेवटचं टायमिंग स्ट्रोब लाइटनेच (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने), आणि तेही डब्याचा पूर्ण अ‍ॅडव्हान्स येतो त्या वेगावर, काही संचांत तीन ते चार हजार आरपीएमच्या आसपास. हे काम करताना कुत्रा शेडमध्ये असता कामा नये. इतक्या वेगावर दोन-तीन मिनिटं धरलेलं इंजिन बंद जागेत माणसालाही नकोसं होतं. कुत्र्याला तर सुमारे ४५ किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, माणसाच्या दुप्पट. धुराचाही प्रश्न आहेच, दार उघडं हवं.

वायरिंगमध्ये संच मरतात. काही जुन्या गाड्यांत, विशेषतः जुन्या ब्रिटिश गाड्यांत, बॅटरीचं धन टोक अर्थला (फ्रेमला) असतं. सवयीने ऋण टोक अर्थला जोडलं तर डबा धूरही न सोडता जातो. दोनदा बघून जोडा. अर्थसाठी फ्रेमच्या रंगावर विश्वास न ठेवता डब्यापासून बॅटरीपर्यंत स्वतंत्र वायर ओढा. प्लगची टोपी ५ किलोओहम रेझिस्टरची घ्या. तांब्याची साधी वायर आणि बिनरेझिस्टरची टोपी ठेवली तर ठिणगीचा गोंगाट डब्यात शिरतो आणि गाडी मधल्या वेगावर अडखळते. हे बऱ्याच माहितीपत्रकांत अगदी बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच, आणि हा राग येण्यासारखा कंजूषपणा आहे. कॉइलचा प्राथमिक रोध मल्टिमीटरने मोजा. संचाने सांगितलेल्यापेक्षा तो कमी असेल तर जास्त विजेने डबा तापून जातो.

बॅटरीबद्दल संच पॉइंटपेक्षा नखरेल. पॉइंट अर्धमेल्या बॅटरीवरही कशीबशी ठिणगी देतात. व्होल्टेज घसरलं की बरेच डबे गप्प बसतात. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन मध्यम वेगावर असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. १५ च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर बदला, मग संच. चावी चालू करून डब्याच्या टोकांवर मोजलेलं व्होल्टेज बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून कमी असेल तर चावी, किल स्विच आणि मधले जोड तपासा. गंजलेला एखादा बुलेट कनेक्टर सापडतोच. हँडल वळवलं की गाडी बंद पडते, सरळ केलं की चालू होते, असं झालं तर डब्याला हात लावू नका. मानेजवळ वायर आतल्या आत तुटलेली असते, बाहेरून प्लास्टिक शाबूत दिसतं.

कसोटीचा निकाल असा: कारण इग्निशनचंच असेल तर फटाके जवळजवळ बंद होतात, आणि पहिल्या जातीचा संच किकच्या वेगावर टायमिंग मागे ठेवत असल्याने उलटा दणका कमी होऊन गाडी एक-दोन किकांत उचलते. मोठा तोटा एकच. संच जातो तेव्हा एका झटक्यात जातो, आणि जुने पॉइंट सोबत नसतील तर रस्त्यात काही करता येत नाही.

संच बसला म्हणून कुत्रा लगेच बाकाखालून निघत नाही. ‘खट्’ची भीती डोक्यात तशीच असते. चावी बंद ठेवून किकचा दांडा नुसता उघडा आणि लगेच खाऊ टाका. आधी आवाज, मग खाऊ. क्रम उलटला तर खाऊ बघूनच तो पळायला शिकतो. तो खाऊ घेत असेल तर अंतर बरोबर आहे. ओठ चाटतोय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, आवडीचा तुकडाही हुंगत नाही, तर तुम्ही फार जवळ आहात. त्यानंतर बंद चावीवर सावकाश किक, मग दुसऱ्या कुणी लांब, मोकळ्यावर चालू केलेलं इंजिन. एका बैठकीत एकच पायरी, आणि तीही दोन-तीन मिनिटांची. उचललेला पाय दिसू नये म्हणून सुरुवातीला गाडीच्या दुसऱ्या बाजूला त्याची जागा करा.

या काळात मोकळ्यावर नेताना त्याला तीन पट्ट्यांचा हार्नेस हवा. साध्या हार्नेसमधून घाबरलेला कुत्रा मागे सरकून डोकं-पाय सोडवून घेतो. तिसरा पट्टा बरगड्यांच्या मागे, कमरेच्या निमुळत्या भागावर बसतो आणि रुंद छातीवरून पुढे निघत नाही. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तीन नकोत. बगलेत केस घासून गुलाबी कातडी दिसू लागली तर छातीचा पट्टा फार पुढे आहे.

कामानंतर वायरटायचे कापलेले तुकडे मोजून उचला, कुत्रे ते गिळतात. शेजारी पाण्याने थंड होणारी गाडी असेल तर कूलंटचा ट्रे उघडा ठेवू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि थोडंसंही मूत्रपिंडं निकामी करतं. चाटलं असा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे जा, उपाय सुरुवातीच्या काही तासांतच लागू पडतो.

काढलेली पॉइंटची प्लेट, कंडेन्सर आणि अ‍ॅडव्हान्सर फेकू नका. प्लेट काढण्याआधी तिच्या कडेपासून केसिंगवर जाणारी एक बारीक रेघ ओढून ठेवा, गॅप लावून सगळं तेलाच्या फडक्यात गुंडाळा आणि फीलर गेजसकट सीटखाली ठेवून द्या. डबा रस्त्यात गेला तर ती रेघ जुळवून पॉइंटवर घरी येता येतं. टायमिंग थोडं चुकलेलं असेल आणि गाडी फटाके मारेल, तेव्हा ती कोपऱ्यावरच बंद करून ढकलत आत आणा.