रेटिना क्लिनिकच्या तारखा: आठ-नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

मधुमेहामुळे आईच्या डोळ्यांच्या पडद्याला (रेटिनाला) सूज आली, तेव्हापासून आम्ही गोव्यातल्या वाळपईहून सरकारी इस्पितळात जातोय. उपचारांबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. तक्रार आहे ती तारखेची.

सूज उतरवायची डोळ्यातली इंजेक्शनं सुरुवातीला साधारण महिन्याच्या अंतराने घ्यायची असतात. उशीर झाला की सूज वाढते आणि गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नसतं. हे तिथल्याच डॉक्टरांनी आम्हाला नीट बसवून समजावलं. आणि त्याच इस्पितळाच्या खिडकीवर केस पेपरवर पुढची तारीख पडली 3 डिसेंबर! गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, सरकारी सुट्टी, ओपीडी बंद. गोव्यात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. फोन कोणी उचलेना, म्हणून पुन्हा कदंबची बस पकडून गेलो. उत्तर मिळालं, "तारीख बदलायची तर नवीन नंबर. जानेवारीत मोकळा आहे." क्लिनिक आठवड्यातून एकदाच, बुधवारी. पुढचे बुधवार भरलेले. म्हणजे सुट्टी सरकारची आणि रांगेच्या शेवटी जायचं आईने.

आधी माझा सगळा राग डॉक्टरांवर होता. आता नाही. सकाळभर ओपीडी, दुपारी ऑपरेशनं, त्यात सिंधुदुर्गातूनही रुग्ण येतात. माणसं कमी पडतात हे समोर दिसतं.

आभा या सरकारी आरोग्य-ओळखीच्या अ‍ॅपवरून क्यूआर स्कॅन करून टोकन मिळू लागलं, तेव्हा बरं वाटलं. केस पेपरची रांग खरंच वाचली. पण ते टोकन त्या दिवसाच्या नोंदणीचं, पुढची तारीख त्याने लवकरची मिळत नाही. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्डही आहे. 2016 ची ही योजना मोलाची आहे, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख. पण ओपीडीची तारीख कार्डावर मिळत नाही.

डिसेंबरचं इंजेक्शन शेवटी खासगीत घेतलं. जे तिकडे फुकट मिळालं असतं त्याला पंधरा हजारांच्या वर गेले, बाबांच्या पेन्शनमधले. ते पैसे मला अजून सलतात.

जानेवारीत मात्र एका सिस्टरने रिपोर्ट पाहिले, स्वतः उठून डॉक्टरांना विचारलं आणि महिन्याच्या आतली तारीख बसवून दिली. त्यांचे उपकार विसरणार नाही. पण हे एखाद्या सिस्टरच्या भलेपणावर का राहावं? सरकार सुट्ट्यांची यादी वर्ष सुरू होण्याआधीच काढतं. ती खिडकीच्या आतल्या बाजूला लावा, आणि सुट्टीत अडकलेल्यांना पुढच्याच बुधवारी आधी घ्या. नवीन मशिनं त्यानंतर आणा.