जुन्या स्किड स्टीअरचा हलणारा अल्टरनेटर : कॉइलवालं आटे-दुरुस्ती किट कितपत कामाचं?

आधी निकाल. स्किड स्टीअर म्हणजे छोटा लोडर; त्याचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) हलायला लागला की बरेच जण हे किट घेतात. बोल्टच्या भोकातले आटे मेले असतील तर ते भोक थोडं मोठं करून त्यात तारेची कॉइल बसवून किट ते नव्यासारखं करून देतं, आणि ॲल्युमिनियममध्ये तर मूळ आट्यांपेक्षा पक्कं. पण अल्टरनेटर हलतो म्हणजे आटेच गेलेत असं नसतं. रोग कानात (अल्टरनेटरचा बोल्ट जातो तो बाहेर आलेला भाग), बुशमध्ये (भोकातली धातूची नळी) किंवा ब्रॅकेटच्या (अल्टरनेटर इंजिनला धरणारा आधार) भोकात असेल तर किट घेणं म्हणजे डोकं दुखतंय आणि मलम गुडघ्याला. पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला ते पुढे येईलच.

किट मागवण्याआधी मशीनकडे बघा. लोडरचे आर्म खाली टेकवा किंवा आर्म-सपोर्ट लावा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मग बेल्ट उतरवा. बेल्ट ताणलेला असताना हलणं नीट कळत नाही. आता अल्टरनेटर दोन्ही हातांनी धरून मागेपुढे, वरखाली हलवा आणि दुसऱ्या माणसाला एकेका सांध्यावर बोट ठेवायला सांगा. दोन धातूंमधली सरक डोळ्याला दिसली नाही तरी बोटाला कळते. बोल्टभोवती तांबूस भुकटी असेल तर लोखंड लोखंडावर घासतंय. राखाडी-काळी असेल तर ॲल्युमिनियमचा कान झिजतोय.

सांधे तीन. वरची खाचेची पट्टी, जिच्यावर बेल्टचा ताण ठरतो; खालचा लांब पिव्हट बोल्ट, ज्याभोवती अल्टरनेटर फिरतो; आणि ब्रॅकेट इंजिनच्या ब्लॉकला धरणारे बोल्ट. किट पहिल्या आणि तिसऱ्या जागेसाठी. पिव्हट बोल्ट बहुधा आरपार जातो आणि पलीकडे नट असतो, त्यामुळे तिथे आटे क्वचितच मरतात. मरतं ते भोक : गोलाचं अंडाकृती होतं. त्याला इलाज रीमर (भोक मोठं आणि गोल करणारं हत्यार) मारून स्टीलचा बुश ठोकणं किंवा ब्रॅकेटच बदलणं. नुसता जाड बोल्ट घालून चालवायचा मोह टाळा, कानाची भिंत पातळ होऊन तडकते.

पिव्हटची आणखी एक गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अनेक अल्टरनेटरच्या मागच्या कानात सरकणारा बुश असतो. बोल्ट आवळला की तो आत सरकून ब्रॅकेटला चिकटतो आणि फट भरून काढतो. जुन्या मशीनवर धूळ आणि गंजाने तो जाम होतो. मग फट तशीच राहते, माणूस जोर लावून बोल्ट आवळतो, आणि वाकतो तो कान. ॲल्युमिनियमला वाकणं मानवत नाही, तडा जातो. गंज सोडवणारं तेल मारून, व्हाइसमध्ये सॉकेट लावून बुश थोडा मागे दाबून मोकळा केला की निम्म्या केसेस तिथेच संपतात. किटचा खर्च वाचला.

आता खुद्द किट. आत येतं ते असं : आटे पाडायचा एक खास टॅप (नेहमीचा नव्हे, थोडा मोठ्या व्यासाचा), स्टेनलेस तारेच्या कॉइल, कॉइल बसवायचा दांडा आणि कॉइलच्या तळाची आडवी शेपूट (दांडा हिलाच धरून कॉइल फिरवतो) तोडायचा पंच. ड्रिल बिट काही किटमध्ये असतं, काहींत नसतं, त्यामुळे यादी वाचूनच घ्या. एम8×1.25 साठी (8 मिमी व्यास, 1.25 मिमी पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) बिट साधारण 8.3 ते 8.4 मिमी, एम10×1.5 साठी 10.3 ते 10.5 मिमी. आणि पिच मोजल्याशिवाय मागवू नका. जपानी इंजिनांत एम10 चा बोल्ट 1.25 पिचचा असणं अगदी नेहमीचं आहे. 1.5 चं किट आणलंत तर ते पेटीतच राहणार. पिच गेज नसेल तर शाबूत बोल्टवरचे दहा आटे मोजा : 12.5 मिमी भरले तर 1.25, 15 मिमी भरले तर 1.5.

कामाची रीत सोपी आहे, घाई मात्र चालत नाही. जुने आटे ड्रिलने साफ करा. ब्लॉकमध्ये मूळ भोकापेक्षा खोल जायचं नाही, पलीकडे पाण्याचा मार्ग असू शकतो. बिटवर खोलीची टेप लावा. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. ॲल्युमिनियमला रॉकेल टाका, बिडाला कोरडं चालतं, पण भुगा हवेने पूर्ण बाहेर काढा. कॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली बसली पाहिजे. वर राहिली तर पट्टी तिच्यावरच टेकते आणि सांधा पुन्हा सैल. लांबी ॲल्युमिनियममध्ये व्यासाच्या दीडपट घ्या : एम8 ला 12 मिमी, एम10 ला 15. मग शेपूट तोडा आणि बाहेर काढा. ती स्टेनलेस असल्यामुळे चुंबकाला भरवशाने चिकटत नाही. बारीक काडीच्या टोकाला ग्रीस लावून उचला.

एक तारा कापला तो इथे : किटमध्ये ड्रिल सरळ धरायला काहीही दिलेलं नसतं. अल्टरनेटरच्या कानातले आटे गेले असतील तर अल्टरनेटर काढून ड्रिल प्रेसवर काम करा, प्रश्नच नाही. पण ब्लॉकमधलं भोक? स्किड स्टीअरचं इंजिन मागे कोंबलेलं असतं. मागचं दार उघडून कूलर बाजूला केला तरी सरळ ड्रिल मावत नाही, काटकोनी ड्रिल लागतं आणि हात तिरका होतो. तिरकं भोक म्हणजे बोल्टचं डोकं एका कडेवर टेकणार आणि दाब पुन्हा ओसरणार. शाबूत ब्रॅकेट जागेवर लावून त्याच्या भोकात बाहेरून घट्ट, आतून बिटच्या मापाचा बुश बसवा आणि ड्रिल त्यातूनच चालवा. हा बुश किटमध्ये असता तर पाच तारे दिले असते.

याला पर्याय म्हणजे कॉलरवाला भरीव बुश, जो आतून टाइट होऊन बसतो. वारंवार उघडायच्या जागी तो सरस, कारण बोल्टबरोबर कॉइल बाहेर येण्याची भीती नाही. पण त्याला जास्त धातू कापावा लागतो, आणि अल्टरनेटरच्या बारीक कानात तेवढं मांस नसतं. इपॉक्सीने आटे भरण्याचा प्रकार या जागेसाठी बाद. वेल्डिंग करायचंच असेल तर ब्रॅकेट काढून करा. मशीनवर करंट सोडला तर डायोडचा बळी जातो.

नुसतं किट बसवून बोल्ट पूर्वीसारखाच आवळला तर पुन्हा सुटेल. बोल्ट आडव्या कंपनाने सुटतो, हे गेर्हार्ड युंकर यांनी 1969 मध्ये प्रयोगाने दाखवलं, आणि त्या कंपनापुढे साधा स्प्रिंग वॉशर फारसा टिकत नाही. दाताळ जोडीचे वेज वॉशर टिकतात. रंगाचा थर खरवडून सांधा धातूवर धातू करा. त्याने पकड वाढते आणि अर्थिंगही, कारण बऱ्याच अल्टरनेटरचा निगेटिव्ह या ब्रॅकेटमधूनच जातो. निळं मध्यम थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा डिंक) चालेल, लाल (जास्त पक्कं) नको. कॉइलमध्ये लाल लावलं तर पुढच्या वेळी बोल्ट आणि कॉइल हातात हात घालून बाहेर येतील. 8.8 दर्जाच्या (मजबुतीचा दर्जा) बोल्टला आवळायचा जोर एम8 साठी सुमारे 25, एम10 साठी 45 ते 50 न्यूटन-मीटर. मशीनच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

आवळण्याचा क्रमही आहे : आधी पिव्हट हलका, मग बेल्टचा ताण, मग वरची पट्टी, शेवटी पिव्हट पूर्ण. मग बोल्टच्या डोक्यापासून शेजारच्या धातूपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवा. अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण 7 ते 10 मिमी दबावा. अनेक छोट्या डिझेल इंजिनांत हाच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, त्यामुळे इथला ढिलेपणा चार्जिंगच्या दिव्याआधी तापमानाच्या काट्यावर दिसू शकतो. स्टीलची पट्टी पुलींच्या तोंडाला लावून रेषा तपासा. रेषा चुकली असेल तर दुरुस्ती वॉशर किंवा स्पेसरने, बोल्ट वाकवून नव्हे.

मग बॅटरीची तार जोडा, इंजिन चालू करून दिवे लावा आणि अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगच्या वाटेत कुठेतरी रंग किंवा गंज उरलाय. थ्रेडलॉकर पूर्ण बसायला 24 तास द्या. दहा तास काम झाल्यावर बेल्टचा ताण एकदा परत बघा आणि बोल्टच्या डोक्यावर ओढलेली रंगाची रेघ जागेवरच आहे ना ते पाहा. रेघ सरकली असेल तर पुन्हा पाना लावण्याआधी बेल्ट उतरवून तिन्ही सांध्यांवर परत बोट ठेवा, कारण सुटलेला बोल्ट त्या एकट्याची चूक क्वचितच असतो.