चिनी व्याकरणाचे सराव-अ‍ॅप: एकाच वेळी घडणाऱ्या क्रियांचे पाठ आणि काही महिन्यांचा अनुभव

चिनी व्याकरणाच्या सरावासाठी मी गेले काही महिने एक सशुल्क अ‍ॅप वापरत आहे. एकाच वेळी घडणाऱ्या क्रिया सांगण्याच्या पाठांपुरताच हा अभिप्राय आहे, कारण अ‍ॅपचे बळ आणि उणीव दोन्ही तिथेच ठळकपणे जाणवतात.

‘यीबिएन… यीबिएन’ ही रचना अ‍ॅप उत्तम बसवून घेते. ‘था यीबिएन ह छा, यीबिएन खान बाओ’, म्हणजे तो चहा पीत वर्तमानपत्र वाचतो, अशा वाक्यांतून प्रत्येक क्रियापदाआधी हा शब्द लागतो आणि दोन्ही क्रिया काही काळ चालणाऱ्या असाव्या लागतात, हे न घोकता अंगवळणी पडते. ध्वनिमुद्रणही काटेकोर आहे. चिनीत उच्चाराच्या चढउताराचे चार ठरलेले सूर असतात: एरवी पहिल्या सुरातला ‘यी’ हा ‘बिएन’पूर्वी चौथ्या सुरात जातो, तर ‘यीमिएन’ या अधिक लेखी वळणाच्या पर्यायात दुसऱ्या सुरात, आणि हा फरक स्पष्ट ऐकू येतो. ‘बिएन छर बिएन ल्याओ’ (खाता खाता गप्पा मारणे) हे आटोपशीर रूपही पुरेसे घोटून घेतले आहे.

उणीव आहे ती ‘जअ’ या प्रत्ययाच्या पाठात. ‘बसून वाचतो’ याला चिनीत ‘त्स्वो-जअ खान शू’ म्हणतात. बसणे ही तिथे वेगळी कृती नसून वाचताना टिकून राहिलेली स्थिती असते, म्हणून ‘यीबिएन’ चालत नाही. अ‍ॅपचे प्रश्न इंग्रजीतून येतात आणि त्या भाषेत हा भेद बराच झाकला जातो. मराठी विद्यार्थ्याला ‘बसून’, ‘उभा राहून’ यांतला ‘ऊन’ इथे चांगला आधार देतो. ‘त’ मात्र तितकासा विश्वासाचा नाही, कारण ‘हसत म्हणाला’ याला ‘श्याओ-जअ श्वो’ लागते आणि ‘चहा पीत वाचतो’ याला साधारणपणे ‘यीबिएन’. प्रत्यय तोच असूनही पहिल्यात बोलण्याची रीत सांगितली आहे, तर दुसऱ्यात दोन स्वतंत्र कामे. इतका महत्त्वाचा भेद दोन-चार उदाहरणांत उरकलेला आहे.

कर्ता नेहमी एकच हवा, हा अ‍ॅपचा नियमही अवाजवी कडक वाटतो. ‘शिक्षक सांगत आहेत आणि विद्यार्थी टिपून घेत आहेत’ अशा वाक्यात दोन कर्त्यांसह ‘यीबिएन’ चालते. मात्र तिथे ‘यी’ गाळता येत नाही. ‘मी स्वयंपाक करत असताना फोन वाजला’ अशा प्रसंगी ‘द शरहोउ’ (‘…च्या वेळी’) वापरायचे, हे मात्र नीट समजावले आहे. ‘योउ… योउ’ केवळ गुणांसाठी (‘योउ गाओ योउ शोउ’, उंच आणि सडपातळ) शिकवले आहे. ‘योउ श्वो योउ श्याओ’, म्हणजे बोलणे-हसणे एकत्र चालणे, हा नित्याचा प्रयोग कुठेच नाही.

वर्गणी फार नाही आणि पाठांचा क्रम बदलता येतो. नव्याने घेणाऱ्यांनी ‘जअ’चा पाठ आधी उघडावा, त्यातील वाक्यांना स्वतःची दहा-बारा जोडावीत आणि मगच ‘यीबिएन’कडे वळावे.