फुकट एआय कोडिंग असिस्टंट: कोपायलट, जेमिनाय की लॅपटॉपवरचं स्वतःचं मॉडेल?

एक रुपयाही न भरता कोड लिहायला एआयची मदत मिळते, आणि ती मदत रोजच्या कामाला पुरेशी असते. अडतं ते निवडीपाशी. म्हणून इथे तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवतो: व्हीएस कोड या एडिटरमधला गिटहब कोपायलट फ्री, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालणारा गूगलचा जेमिनाय सीएलआय, आणि ओलामा या प्रोग्रॅमच्या मदतीने आपल्याच मशीनवर चालवायचं क्वेन २.५ कोडर हे मॉडेल. फुकट म्हणजे कार्डाचा नंबरसुद्धा न देता. पहिला महिना मोफत आणि पुढे आपोआप पैसे कापणार, अशा योजना मी विचारातच घेतलेल्या नाहीत.

आधी ठरवा, कोड कोणाचा आहे

बहुतेक जण ‘कोणता जास्त हुशार?’ इथून सुरुवात करतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: तुम्ही लिहिताय तो कोड कोणाच्या मालकीचा? कॉलेजचा प्रोजेक्ट, घरचा सराव किंवा गिटहबवर आधीच सगळ्यांना खुला असलेला कोड असेल, तर तो क्लाउडवर गेल्याने काही बिघडत नाही. पण हिंजवडीत किंवा ऐरोलीत एखाद्या कंपनीत क्लायंटचं काम करत असाल, तर तो कोड बाहेर पाठवायचा अधिकार तुम्हाला नाही. रुजू होताना सही केलेला गोपनीयतेचा करार एकदा काढून वाचा. फ्रीलान्स काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. गावातल्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर करताना चाचणीसाठी सभासदांची खरी यादी त्याच फोल्डरमध्ये पडलेली असते, आणि असिस्टंट फोल्डर वाचतो तेव्हा ती यादीही वाचतो.

या एका उत्तरावर अर्धा निर्णय होतो. उरलेला अर्धा तुमच्या लॅपटॉपच्या रॅमवर.

गिटहब कोपायलट फ्री

सुरू करायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. व्हीएस कोड उघडायचा, गिटहबच्या खात्याने साइन इन करायचं, झालं. टाइप करता करता पुढचा कोड फिक्या अक्षरात दिसतो, पटला तर टॅब दाबायचा. लॅपटॉप जुना असला तरी फरक पडत नाही, कारण सगळं काम दूरच्या सर्व्हरवर होतं.

मर्यादा मात्र कडक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ही मोफत योजना जाहीर झाली ती महिन्याला २,००० कोड सजेशन आणि ५० चॅट संदेश अशा हिशोबाने. ५० संदेश म्हणजे दिवसाला दोनसुद्धा नाहीत. एखादा हट्टी बग शोधायला बसलात तर आठवड्याभराचे संदेश एका संध्याकाळी संपतात. म्हणून कोपायलट फ्रीकडे चॅटसाठी बघूच नका, टाइप करताना येणाऱ्या सजेशनसाठी बघा. त्यात तो उत्तम आहे.

विद्यार्थ्यांनी गिटहब एज्युकेशनमध्ये नोंदणी करावी, तिथे विद्यार्थ्यांसाठी मोफत योजनेपेक्षा जास्त सवलत मिळते. कॉलेजचा ईमेल नसला तरी ओळखपत्राचा फोटो देऊन पडताळणी करता येते. आणि खातं कोणतंही असो, कोपायलटच्या सेटिंगमध्ये तुमचा डेटा वापरू द्यायचा की नाही ते ठरवण्याची सोय आहे. पहिल्याच दिवशी तिथे जाऊन या.

जेमिनाय सीएलआय

गूगलने हे २५ जून २०२५ रोजी आणलं, तेही ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता येतो असं. साध्या जीमेलच्या खात्याने लॉगिन केल्यावर मिनिटाला ६० आणि दिवसाला १,००० रिक्वेस्ट अशी मोफत मर्यादा तेव्हा जाहीर झाली होती. कोपायलटच्या ५० संदेशांशेजारी हा आकडा ठेवला की दोन्हींचा स्वभाव कळतो. एक मात्र ध्यानात घ्या: तुम्ही एक प्रश्न विचारला तरी तो सोडवताना सीएलआय स्वतः अनेक रिक्वेस्ट करतो, त्यामुळे हजार रिक्वेस्ट म्हणजे हजार प्रश्न नव्हेत.

मशीनवर नोड जेएस असावं लागतं आणि टर्मिनलची भीती नसावी लागते. इथे टॅब दाबून ओळ पुरी करण्याचा प्रकार नाही. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये उभं राहून काम सांगायचं. तो फाइली वाचतो, बदल दाखवतो, परवानगी मागतो आणि मग लिहितो. दहा फाइलींत पसरलेला गोंधळ समजून घ्यायला तीन पर्यायांत हाच सगळ्यात समर्थ. परवानगी मागताना तो काय करणार आहे ते मात्र वाचा. ‘प्रत्येक वेळी चालेल’ असं एकदा सांगून मोकळं होणं धोक्याचं आहे, कारण फाइल पुसणारी कमांडही त्याच वाटेने जाते. काम सुरू करण्याआधी गिटमध्ये कमिट करून, म्हणजे कोडची तेव्हाची स्थिती नोंदवून, ठेवलं तर काहीही झालं तरी मागे येता येतं.

किंमत इथे डेटाच्या रूपाने द्यावी लागते. मोफत वैयक्तिक खात्यांसाठीच्या गोपनीयता सूचनेत गूगलने लिहिलंय की तुमचे प्रश्न आणि कोड त्यांची सेवा सुधारण्यासाठी वापरले जाऊ शकतात आणि माणसंही ते तपासू शकतात. नकार देण्याची सोय आहे, पण ती शोधून तुम्हालाच करावी लागते. क्लायंटच्या कोडसाठी हा पर्याय मी कधीही सुचवणार नाही.

ओलामा, कंटिन्यू आणि क्वेन कोडर

तिसऱ्या पर्यायात खटपट जास्त आहे, आणि मला सर्वांत जास्त आस्था याच पर्यायाबद्दल आहे. ओलामा हा प्रोग्रॅम मॉडेल उतरवून तुमच्याच मशीनवर चालवतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. कंटिन्यू हे व्हीएस कोडचं ओपन सोर्स एक्स्टेन्शन त्याला एडिटरशी जोडतं. एकदा बसवलं की कोटा नाही, खातं नाही, कोड मशीनबाहेर जात नाही. वीज गेली, वायफाय बंद पडलं, तरी लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर असिस्टंट चालू राहतो.

पहिली अडचण डाउनलोडची. क्वेन २.५ कोडरचं ७ अब्ज पॅरामीटरचं (पॅरामीटर म्हणजे मॉडेलने शिकलेले आकडे, ते जितके जास्त तितकं मॉडेल मोठं) मॉडेल ओलामावर सुमारे ४.७ जीबीचं आहे. दिवसाला दीड-दोन जीबीचा मोबाइल पॅक वापरणाऱ्याला ते एका दिवसात उतरवता येत नाही. अर्धवट थांबलेलं डाउनलोड ओलामा पुढे चालू करतो, त्यामुळे दोन-तीन दिवसांत भागतं. नाहीतर मित्राने उतरवलेलं मॉडेल पेनड्राइव्हवरून आणा, ओलामाचा मॉडेल ठेवायचा पूर्ण फोल्डर कॉपी केला की चालतं. पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, तेव्हा आधी तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

दुसरी अडचण रॅमची. ८ जीबीच्या विंडोज लॅपटॉपवर विंडोज, ब्राउझर आणि व्हीएस कोड यांनीच बहुतेक जागा घेतलेली असते, त्यात ४.७ जीबीचं मॉडेल शिरलं की सगळं मशीन रडत चालतं. तिथे दीड अब्ज पॅरामीटरचं मॉडेल वापरा. ते साधारण १ जीबीचं आहे आणि ओळी पुऱ्या करण्यापुरतं उपयोगी पडतं, मात्र त्याच्याकडून सल्ला मागू नये. १६ जीबी रॅम असेल तर ७ अब्जवालं चालतं, पण ग्राफिक्स कार्ड नसेल तर उत्तर शब्दाशब्दाने उतरतं. ज्यांच्याकडे ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड आहे, उदाहरणार्थ आरटीएक्स ४०६० असलेला गेमिंग लॅपटॉप, त्यांच्याकडे हे मॉडेल आरामात धावतं. १६ जीबीच्या एम मालिकेतल्या मॅकवरही चांगलं चालतं.

८ जीबीवाल्यांना मधलं, ३ अब्जांचं मॉडेल खुणावतं. त्याचा परवाना मात्र वेगळा आहे. दीड आणि ७ अब्जांची मॉडेल्स अपाचे २.० परवान्याखाली आहेत, म्हणजे व्यवसायातही चालतात. ३ अब्जांचं संशोधनासाठी आहे, व्यावसायिक कामाला नाही.

कंटिन्यूमध्ये दोन मॉडेल्स वेगवेगळी नेमा: चॅटसाठी ७ अब्जवालं, टाइप करताना सजेशनसाठी दीड अब्जवालं. सजेशन देणाऱ्या मॉडेलला कर्सरच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही तुकडे बघून मधला भाग भरावा लागतो. क्वेन कोडरला हे शिकवलेलं आहे, नुसत्या गप्पांसाठी घडवलेल्या मॉडेलला ते नीट जमत नाही. शिवाय बोट उचलायच्या आत उत्तर यायला मॉडेल लहानच लागतं. आणखी एक: ओलामा मॉडेलला एका वेळी किती मजकूर दाखवतो याची मर्यादा सुरुवातीला तोकडी ठेवलेली असते. लांबलचक फाइल दिली की सुरुवातीचा भाग न सांगता गळतो आणि उत्तर भलतंच येतं. मॉडेलला दोष देण्याआधी ती मर्यादा वाढवून बघा, अर्थात जास्त रॅम खर्चून.

एकच काम, तिघांकडे

समजा, हजेरीच्या सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल) ७५ टक्क्यांखालच्या विद्यार्थ्यांची यादी काढणारी पायथन स्क्रिप्ट हवी आहे. कोपायलटमध्ये तुम्ही फंक्शनचं नाव आणि वर एक कॉमेंट लिहिता, तो आत भरत जातो. सूत्र तुमच्या हातात राहतं. जेमिनाय सीएलआय सीएसव्ही स्वतः उघडून बघतो, रकान्यांची खरी नावं घेतो, स्क्रिप्ट लिहितो आणि चालवू का विचारतो. लॅपटॉपवरचं ७ अब्जांचं मॉडेल एवढं काम बरोबर करतं, पण सीएसव्हीची पहिली ओळ तुम्ही चॅटमध्ये दिली नाही तर रकान्यांची नावं अंदाजाने लिहितं. लहान मॉडेलला सगळं हातात द्यावं लागतं. हे काम पुढे दहा फाइलींच्या प्रोजेक्टमध्ये वाढलं की हा फरक फार मोठा होतो, आणि तिथे घरचं मॉडेल मागे पडतं हे मान्य करायलाच हवं.

मराठीत विचारलं तर? कोपायलट आणि जेमिनाय दोघेही मराठी प्रश्न समजून घेतात, ‘हा लूप का अडकतोय?’ असं सरळ विचारा. लहान क्वेन मॉडेलशी मात्र इंग्रजीतच बोललेलं बरं. त्याची मराठी कच्ची आहे, शिवाय मॉडेल मजकूर तुकड्यातुकड्यांनी वाचतं आणि देवनागरीचे तुकडे जास्त पडत असल्याने आधीच तोकडी असलेली मर्यादा लवकर भरते.

मग कोणी काय घ्यावं

क्लायंटचा किंवा लोकांच्या माहितीशी जोडलेला कोड असेल तर ओलामा, तोही वरिष्ठांना विचारून. मशीन तेवढं ताकदीचं नसेल तर त्या कोडसाठी असिस्टंट नकोच. स्वतःचा कोड आणि ८ जीबीचा लॅपटॉप असेल तर कोपायलट फ्री सजेशनसाठी आणि जेमिनाय सीएलआय चॅटसाठी. दोन्ही एकत्र नांदतात, आणि कोपायलटची कोरडी जागा जेमिनाय भरून काढतो. डिप्लोमाच्या किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असाल तर मी फक्त कोपायलटपाशी थांबायला सांगेन. व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक ओळीवर बोट ठेवून विचारतात, आणि जेमिनायने एका झटक्यात लिहिलेल्या चार फाइली समजावून सांगणं अवघड जातं.

चौथा पर्याय आहे, क्लाइनसारखं ओपन सोर्स एक्स्टेन्शन घेऊन त्याला ओपनराउटर या सेवेवरची मोफत मॉडेल्स जोडायचा. प्रयोग म्हणून करा, रोजच्या कामासाठी त्यावर विसंबू नका. पैसे न भरलेल्या खात्याला दिवसाला मोजक्याच रिक्वेस्ट मिळतात, आणि क्लाइन प्रत्येक पायरीला एक खर्च करतो. या वाटेने गेलात तर एपीआय की, म्हणजे त्या सेवेची गुप्त किल्ली, कोडमध्ये लिहू नका. ती वेगळ्या एन्व्ह फाइलमध्ये ठेवा आणि त्या फाइलचं नाव गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, घाला. गिटहबवर फुटलेल्या की शोधत फिरणारे बॉट कायम जागे असतात. चुकून गेलीच तर ती ओळ पुसून भागत नाही, गिटच्या इतिहासात ती तशीच राहते. ज्या सेवेची की आहे तिथे जाऊन आधी ती रद्द करा, मग नवी काढा.