माहेश्वरीचे एक पान आणि विकतच्या बारा लिंका: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

इंदूरच्या रामबागेत आमचे साड्यांचे दुकान आहे आणि तीन वर्षांपासून त्याचे संकेतस्थळही आहे. दुकान बाबा पाहतात, संकेतस्थळ माझ्याकडे असते. नऊ महिन्यांपूर्वी अशी अवस्था होती की दुकानाचे नाव टाकून शोधणाऱ्याला गूगल आम्हाला सर्वांत वर दाखवी. परंतु ‘माहेश्वरी साडी’ एवढेच लिहिणाऱ्याला आम्ही पहिल्या पाच पानांत कोठेही दिसत नसू. इतर संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका वाढवल्याशिवाय हे बदलणार नाही, असे ज्याला विचारावे तो सांगे. त्या कशा वाढवाव्यात याविषयी मात्र दोघांचे कधी जुळले नाही. म्हणून मी एकेक मार्ग स्वतः वापरून पाहिला, प्रत्येकासाठी शक्यतो संकेतस्थळावरील वेगळे पान निवडले आणि सर्च कन्सोलमधील (संकेतस्थळ गूगलवर कितव्या क्रमांकावर दिसते हे सांगणाऱ्या गूगलच्या साधनातील) आकडे दर रविवारी वहीत उतरवत गेलो.

ही तुलना काटेकोर नाही. एका पानाला मिळालेल्या लिंकेचा लाभ अंतर्गत लिंकांमधून इतर पानांकडेही झिरपतो, लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी साड्यांचा शोध आपोआप वाढतो, आणि गूगल स्वतःच्या क्रमवारीत अधूनमधून मोठे बदल करते ते वेगळेच. म्हणून क्रमांकाबरोबरच मी आणखी एक गोष्ट पाहिली: त्या लिंकेवरून प्रत्यक्ष किती माणसे आली. याच दुसऱ्या आकड्याने पुढे मला शहाणे केले.

सुरुवात पैसे देऊन केली, कारण ते सर्वांत सोपे वाटले. एका मध्यस्थाने १८ हजार रुपयांत बारा ‘गेस्ट पोस्ट’, म्हणजे दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर आमची लिंक असलेले लेख, देऊ केले आणि प्रत्येक संकेतस्थळाची ‘डोमेन ऑथॉरिटी’ तिसाच्या वर असल्याचा तक्ता पाठवला. हा आकडा म्हणजे संकेतस्थळाच्या वजनाचा मॉझ नावाच्या कंपनीने तयार केलेला अंदाज आहे, गूगल तो वापरत नाही, हे मी पैसे दिल्यानंतर वाचले. लेख आले तेव्हा एकेक उघडून पाहिला. त्यांतला एक घराला रंग कोणता द्यावा यावर होता आणि त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात, भिंतीच्या ओलीबद्दल बोलता बोलता, ‘इंदूरमध्ये माहेश्वरी साडी ऑनलाइन खरेदी’ हे शब्द निळ्या अक्षरांत बसवलेले होते. त्याच्या वर वैयक्तिक कर्जाचा लेख, खाली दात पांढरे करण्याचे उपाय. बाराही लेखांत आमच्या लिंकेवरचे शब्द अक्षरशः तेच होते.

पहिले सात आठवडे माहेश्वरीच्या विक्रीचे पान खरोखर वर सरकले, साधारण अठ्ठावन्नाव्या क्रमांकावरून छत्तिसाव्यापर्यंत, आणि मी घरी तसे सांगूनही टाकले. त्यानंतर ते जिथून निघाले होते तिथेच परत जाऊन बसले. लिंकांच्या फसवणुकीविरुद्ध गूगलने ‘पेंग्विन’ नावाचे गाळणे एप्रिल २०१२ मध्ये आणले तेव्हा अशा संकेतस्थळांचे क्रमांक धाडकन कोसळत; सप्टेंबर २०१६ पासून ते मुख्य प्रणालीचाच भाग झाले आणि तेव्हापासून बनावट लिंकेची किंमत बहुतेक वेळा मुकाट्याने शून्य केली जाते. त्यामुळे आम्हाला शिक्षा अशी झाली नाही, सर्च कन्सोलमध्ये कारवाईची सूचनाही नव्हती. केवळ १८ हजार रुपये गेले. नऊ महिन्यांत त्या बारा लेखांवरून आमच्याकडे चार माणसे आली, आणि त्यांतला एक बहुधा मीच. मी तक्रार केली तेव्हा त्याच मध्यस्थाने या लिंका ‘डिसअवाउ’ करून देण्याचे, म्हणजे त्या मोजू नका असे गूगलला कळवण्याचे, वेगळे दरपत्रक पाठवले. स्वतः टाकलेला काटा स्वतःच काढायचा आणि दोन्ही वेळा पैसे घ्यायचे, हा धंदा मला नवीन होता. गूगलचे ते साधन २०१२ पासून मोफत आहे आणि कारवाई झाल्याशिवाय किंवा तशी दाट शक्यता असल्याशिवाय बहुतेकांना त्याची गरज नसते, हे कळल्यावर मी त्या वाटेला गेलो नाही. पैसे देऊन घेतलेल्या लिंकेवर ‘स्पॉन्सर्ड’ (२०१९ पासून) किंवा ‘नोफॉलो’ अशी, तिला क्रमवारीत धरू नये असे गूगलला सांगणारी, खूण असावी असा गूगलचा नियम आहे. ती लावण्यास त्या संकेतस्थळांपैकी एकही तयार झाले नाही.

व्यवसायांच्या सूच्यांमध्ये नावे नोंदवण्यात दोन आठवडे गेले. गूगलवरील दुकानाची नोंद आणि दोन-तीन ओळखीच्या सूच्या यांमुळे दुकानात फोन येऊ लागले, त्यासाठी त्या अवश्य कराव्यात. बाकीच्या तीस-चाळीस नोंदींनी क्रमांकात तसूभरही फरक पडला नाही. एकमेकांना लिंका देण्याचा प्रकार बांगड्यांच्या एका दुकानाशी केला. तो चालू आहे, कारण आमची गिऱ्हाइके खरोखर तिकडे जातात; पण अशा विनंत्या रोज येऊ लागल्यावर मी उत्तरे देणे बंद केले.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग मला पाचव्या महिन्यात सुचला. हातमाग प्रदर्शनांच्या जुन्या वृत्तांतांत आमच्या दुकानाचे नाव सात ठिकाणी आलेले होते, लिंक मात्र कोठेच नव्हती. सातही जणांना दोन ओळींचे पत्र लिहिले, पाच जणांनी आठवड्याच्या आत लिंक जोडली. खर्च शून्य, श्रम एका दुपारचे.

तुटलेल्या लिंका शोधण्याचे काम याच्या अगदी उलट निघाले. इंदूरहून सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या महेश्वरविषयी प्रवासवर्णने पुष्कळ आहेत आणि त्यांतील विणकामाच्या माहितीच्या लिंका बऱ्याचदा मेलेल्या असतात. ते बंद पडलेले पान पूर्वी कसे होते हे वेब अर्काइव्हमध्ये पाहायचे, त्याच्या तोडीचे पान आपल्याकडे असेल तर लेखकाला कळवायचे. मी ६३ पत्रे लिहिली. नऊ उत्तरे आली, चार लिंका मिळाल्या. त्यांपैकी एक सेवानिवृत्त शिक्षकांच्या प्रवासवर्णनातील होती. त्यांनी लिंक देण्याआधी आमच्या पानातील शुद्धलेखनाच्या सहा चुका काढून पाठवल्या आणि त्या दुरुस्त केल्यावरच लिंक दिली. आजही त्या एकट्या लिंकेवरून महिन्याला वीस-पंचवीस माणसे येतात.

‘त्याच्या तोडीचे पान’ ही अट मात्र पहिल्या पत्राच्या वेळी आमच्याकडे पुरी होत नव्हती, म्हणून ते पान करावे लागले. एका संध्याकाळी बाबांना काउंटरवर बसवले आणि काठांची नावे विचारली. लहर, चटाई, ईंट, हिरा, चमेलीचे फूल, असे सांगत त्यांनी एकेक साडी पुढ्यात टाकली. मग एकीचा पदर उलटून म्हणाले, “हिची सुलटी बाजू कोणती, सांग बरं.” मला सांगता आले नाही. माहेश्वरी साडी तिच्या बुगडी काठामुळे दोन्ही बाजूंनी नेसता येते हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण दोन्ही बाजूंची छायाचित्रे शेजारी शेजारी कोणी दाखवलेली मला आढळली नाहीत. ती काढली, प्रत्येक काठाखाली नाव आणि महेश्वरच्या किल्ल्यातील दगडी नक्षीशी असलेले त्याचे साम्य लिहिले, आणि पान लावून दिले.

त्या पानाला नऊ महिन्यांत न मागता अकरा लिंका मिळाल्या: डिझाइनच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प, दोन प्रवासलेखक, बाकी किरकोळ. काही ‘नोफॉलो’ आहेत. तरीही माणसे येतात, त्यामुळे माझी तक्रार नाही. लिंकेवरचे शब्द प्रत्येकाचे वेगळे आहेत, बहुतेकांनी ‘येथे पाहा’ एवढेच लिहिले आहे. काठांच्या प्रकारांच्या शोधात आता हे पान पहिल्या पाचांत असते. विक्रीच्या पानाला याचा काहीच उपयोग का होत नाही, म्हणून मी दोन महिने डोके खाजवत होतो; अखेर लक्षात आले की काठांच्या पानावरून विक्रीच्या पानाकडे जाणारी लिंक मीच द्यायला विसरलो होतो. ती दिल्यानंतर ‘माहेश्वरी साडी’ या शोधात आम्ही हळूहळू दुसऱ्या पानाच्या तळाशी आलो. पहिल्या पानावर मोठी दुकाने ठाण मांडून आहेत आणि येत्या वर्षभरात ती हलतील असे मला वाटत नाही.

विकतच्या त्या बारा लिंका मी तशाच सोडल्या आहेत. मागच्या रविवारी वही भरताना पाहिले, तर त्यांतील पाच संकेतस्थळे बंद पडली होती, आणि भिंतीच्या ओलीचा तो लेख जिथे होता तिथे आता ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’, असे दिसते.