आजी, मावशी की पाळणाघर? तिन्ही करून झालेल्या आईचा हिशोब

लीव्ह संपायला महिना उरला की डोक्यात एकच रेकॉर्ड सुरू होते, बाळाला कोण बघणार. मी यातून दोनदा गेलेय. लेक आता पाच वर्षांची आहे, धाकटा नऊ महिन्यांचा. लेकीला आधी आजीने सांभाळलं मग ती पाळणाघरात गेली, धाकट्याला घरी मावशी येतात. आम्ही राहतो सिंहगड रोडला, माझं ऑफिस हिंजवडीत, म्हणजे पुण्यातल्या लोकांना पुढचं काही सांगायला नको. आठवड्यात तीन दिवस जावं लागतं, दोन दिवस घरून. तर माझ्यासारख्याच पेचात कोणी असेल तर तिच्यासाठी हे लिहितेय, बाकीच्यांनी चहा ठेवा.

आधी सुट्टीचं गणित, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची लीव्ह मिळते, पण त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात, आणि लेकीच्या वेळी पाय एवढे सुजले होते की मी आठच्या आठ घेऊन बसले. उरले १८. म्हणजे लेक जेमतेम चार महिन्यांची झाली आणि मी लॅपटॉपची बॅग शोधायला लागले. इकडे डॉक्टर सांगतात सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. मधले दोन महिने कुठून आणायचे ते कोणी सांगत नाही. धाकट्याच्या वेळी शहाणी झाले, शेवटच्या आठवड्यापर्यंत घरून काम केलं, त्यामुळे तो साडेपाच महिन्यांचा होईपर्यंत मी घरी होते. त्या दीड महिन्याने काय फरक पडतो ते ज्याचं त्यालाच कळतं. चार महिन्यांचं बाळ म्हणजे मान नुकती सावरलेली असते हो, आणि साडेपाच महिन्यांचं पालथं पडून रागावून बघतं.

आजी

सगळे म्हणतात आजी असेल तर प्रश्नच नाही. आमच्याकडे सासूबाई कराडहून आल्या, वर्षभर राहिल्या, आणि लेकीला ज्या मायेने त्यांनी वाढवलं ते पैसे देऊन कुठेही मिळणार नाही हे आधीच सांगून टाकते. टाळू भरणं, अंग रगडून आंघोळ, दुपारी दुपट्यात गुंडाळून मांडीवर झोपवणं. मी मीटिंगमध्ये असले तरी मनाला टोचणी नव्हती.

पण आजी फुकट असते हे कोणी सांगितलं? आईंची कराडला भिशी होती, मंगळवारी भजनी मंडळ होतं, शेजारच्या काकूंबरोबर संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर चक्कर होती, आणि तिकडे बाबा एकटेच डबा लावून जेवत होते. चौथ्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली की गुडघ्यांमुळे त्यांचं खाली उतरणं बंद, दिवसभर बाळ आणि त्या आणि भिंती. आठ-दहा किलोचं पोर दिवसातून चाळीस वेळा उचलायचं वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. मंडळ पंढरपूरला निघालं तेव्हा त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही, फोनवर नुसतं सांगितलं की अगं मला कुठे जमणार आता, नात आहे ना. मी पलीकडच्या खोलीत ऐकत होते, मला काय वाटलं ते सोडा. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की आजीला बोलवायचं तर किती महिने ते आधी ठरवून बोलवा, आणि दोन महिन्यांतून एकदा आठवडाभर त्यांना त्यांच्या घरी पाठवा. नवऱ्याने सांगायचं हे, सुनेने नाही. सुनेने सांगितलं की 'मी नकोशी झाले' असा अर्थ निघतो.

दुसरी गोष्ट म्हणजे औषधपाणी. बाळगुटी उगाळायची तर त्यात मधाचं बोट आलंच, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो म्हणून. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. पाच महिन्यांच्या बाळाला उन्हाळा आहे म्हणून चमचाभर पाणी नको. यातल्या प्रत्येक वाक्यावर आमच्याकडे 'आम्ही काय पोरं वाढवली नाहीत का' झालंय. शेवटी मी भांडणं बंद केली आणि आईंना डॉक्टरांकडे बरोबर घेऊन गेले, डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि आईंनी मुकाट्याने मधाची बाटली वरच्या फळीवर ठेवली. तीट मात्र तळपायाला लागतच राहिली, ती लागू दे.

मावशी

मावशी म्हणजे घरी येऊन दिवसभर बाळ बघणारी बाई. आमच्या मावशी साडेआठला येतात, साडेसहाला जातात, महिन्याला १८ हजार, रविवार सुट्टी, दिवाळीला एक पगार जास्त. पाळणाघराच्या दुपटीहून जास्त आहे हे, आणि ऐकून माझ्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण बाळ स्वतःच्या घरात, स्वतःच्या पाळण्यात झोपतं, सकाळी त्याला झोपेतून ओढून तयार करायचं नाही, आणि दुसऱ्या मुलांची सर्दी घरी येत नाही. लहान बाळाला, म्हणजे दीड वर्षापर्यंत तरी, याच्यासारखं दुसरं नाही असं मला वाटतं. परवडत असेल तर.

दुधाचंही मावशींकडे सोपं गेलं. काढलेलं दूध बाहेर साध्या तापमानाला ४ तासच चालतं, आणि ते २५ डिग्रीच्या आसपास धरून, पुण्याच्या एप्रिलमध्ये मी तेवढाही भरवसा धरत नाही. फ्रीजमध्ये ४ दिवस. एकदा कोमट केलं की दोन तासांत संपवायचं, उरलेलं टाकायचं, परत फ्रीजमध्ये नाही. मी बाटल्यांवर पट्टी चिकटवून वार लिहिते आणि मावशी वार वाचून देतात. पहिल्या दिवशी त्यांनी उरलेलं दूध टाकताना 'एवढं दूध वाया?' म्हणून हळहळ केली, मग सवय झाली. आता तर वरचं खाणंही सुरू आहे, नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात, भोपळा, वर्षापर्यंत मीठ-साखर नाही. घरी कोणी नसताना मावशी बोटभर मीठ घालत असतील का? घालत असतील. मी विचारत नाही.

मावशींची खरी अडचण म्हणजे त्या एकट्याच असतात. बघणारं कोणी नाही आणि बदली कोणी नाही. पहिले दोन आठवडे मी घरून काम केलं आणि शेजारच्या खोलीतून नुसतं ऐकत बसले, टीव्ही लागतो का, बाळ रडलं की किती वेळात उचलतात, फोनवर किती वेळ जातो. हे दोन आठवडे काढाच, कॅमेरा लावलात तरी काढा. ओळखीतून आलेली बाई घ्या, आधार कार्डची कॉपी आणि पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या, यात लाजायचं काही नाही, आमच्या मावशींनीच 'करा की ताई' म्हणून सांगितलं. मोबाईलबद्दल पहिल्या दिवशीच बोलून घ्या, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको. एकदा का बाळाला रील बघत भरवायची सवय लागली की तुम्हीसुद्धा सोडवू शकणार नाही.

आणि सुट्ट्या. गावची जत्रा, गौरी, भाच्याचं लग्न, भावकीतलं कार्य, लग्नसराईत तर विचारूच नका. त्यांनाही घर आहे, त्यांचीही पोरं आहेत, हे कळत असतं, तरी सकाळी सव्वाआठला 'ताई आज जमणार नाही' असा फोन आला आणि दहाला क्लायंट कॉल असला की सगळा समंजसपणा खिडकीतून खाली पडतो.

पाळणाघर

लेक दीड वर्षाची झाल्यावर घालायची ठरवलं. तेव्हा मी पाच पाळणाघरं बघितली आणि पहिली तीन चुकीच्या वेळी बघितली. सकाळी अकराला सगळी पाळणाघरं गोड दिसतात, भिंतीवर ससे आणि ताईंच्या केसात गजरा. जायचं दुपारी साडेचार-पाचला, न सांगता. त्या वेळी मुलं झोपेतून उठून किरकिरी असतात, ताया दमलेल्या असतात, पोरांची नाकं वाहत असतात, तेव्हा काय चाललंय ते बघा. एका ठिकाणी मी अशी गेले तर दारातच थांबवलं, 'आत्ता नाही, उद्या अपॉइंटमेंट घेऊन या'. तिथून परत फिरले ती फिरलेच.

वास बघा. बाथरूमच्या दाराला आतून कडी आहे का बघा, दोन वर्षांचं पोर आत अडकू शकतं. मुलं झोपतात कुठे, गाद्या उन्हात टाकतात का. डबा तुमचा की त्यांचा. ताप आला तर नियम काय. उशीर झाला तर किती पैसे, आमच्याकडे अर्ध्या तासाला १०० होते आणि ते योग्यच होतं असं आता वाटतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ताया किती दिवसांपासून आहेत हे ताईंनाच विचारा, मॅडमना नाही. दर तीन महिन्यांनी ताई बदलत असेल तर भिंतीवरचे ससे काय चाटायचेत? सीसीटीव्हीचं मला मुळीच कौतुक नाही, पहिला आठवडा मी ऑफिसात बसून तो छोटा चौकोनच बघत होते, आवाज नसतो, लेक रडतेय की गातेय कळत नव्हतं, शेवटी नवऱ्याने माझ्या फोनमधून ॲप काढून टाकलं.

आम्हाला महिना ८ हजार पडायचे, डबा आपला. पहिले तीन महिने आजारपणात गेले हे मात्र कोणी आधी सांगितलं नव्हतं. सर्दी, मग खोकला, मग जुलाब, मग पावसाळ्यात हँड फूट माउथ, तोंडात फोड आणि तळहाताला पुरळ. विषाणूचा आजार आहे, आठ-दहा दिवसांत आपोआप उतरतो, पण तेवढे दिवस पाळणाघर बंद आणि पूर्ण फी चालू. त्या तीन महिन्यांत माझ्या अकरा सुट्ट्या गेल्या. पुढे मात्र सुधारलं. आणि जे मिळालं ते घरी मिळालं नसतं, लेक हाताने जेवायला तिथे शिकली, कारण शेजारची पोरगी जेवत होती. मी घरी भरवताना गच्चीवरचे कावळे दाखवून दाखवून थकले होते. पहिला महिना गेटवर रडायची, दुसऱ्या महिन्यात रविवारी चपला घालून दारात उभी, पाळणाघरात चल म्हणून.

ऑफिसचं पाळणाघर? ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यायची असा कायदा आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. अंगावर पाजणाऱ्या बाईला हे सोनं आहे, ज्यांचं घर ऑफिसजवळ आहे त्यांनी डोळे मिटून घ्यावं. मला सिंहगड रोडवरून बाळ घेऊन हिंजवडीला जाऊन परत यायचं म्हणजे रोजचे तीन तास ट्रॅफिकमध्ये, आणि ज्या दिवशी मी घरून काम करते त्या दिवशी त्याचा उपयोग शून्य. शिवाय मग आणणं-सोडणं कायम आईच्याच गळ्यात. घराजवळचं पाळणाघर असलं की बाबाही जातो, आजोबाही जातात. आमच्याकडे संध्याकाळी आणायला नवराच जायचा, आणि ताया त्याला 'दादा, आज शी झाली नाही हं' असं सांगायच्या. हे मला फार आवडायचं.

मग काय घ्यायचं

दीड वर्षाच्या आत असेल आणि पैसे जमत असतील तर मावशी. दीड-दोनच्या पुढे पाळणाघर, आजी घरात असली तरी पाळणाघर, निदान अर्धा दिवस. आजी एकटीने पूर्ण दिवस, हे मी परत करणार नाही. पण मावशी आहेत आणि आजी घरात नुसती असते, अशी जोडी जमली तर ती सगळ्यात भारी, आजी हुकूम सोडते आणि मावशी उचलतात. पैसे कमी असतील तर लहान बाळालाही पाळणाघर चालतं, फक्त एका ताईकडे तीन-चारच्या वर तान्ही बाळं नसलेलं शोधा आणि पहिल्या तीन महिन्यांसाठी सुट्ट्या शिल्लक ठेवा.

एक सांगू का, मी दोन्ही वेळा चुकीचा प्रश्न घेऊन बसले होते. कोण चांगलं सांभाळेल हेच बघत राहिले. तिघंही चांगलंच सांभाळतात, थोडं इकडे तिकडे. खरं अडतं ते ज्या दिवशी सांभाळणारं माणूस नसतं किंवा बाळाला ताप असतो त्या दिवशी, आणि असे दिवस वर्षात दोन-चार नसतात, मी कॅलेंडरवर फुल्या मारल्या होत्या, लेकीच्या पाळणाघराच्या पहिल्या वर्षात २६ निघाले. त्या २६ मधले २१ दिवस मी घरी थांबले आणि ५ दिवस नवरा. यावरून आमच्यात जे झालं ते झालं, पण धाकट्याच्या वेळी मावशी शोधायच्या आधी आम्ही हे ठरवलं की फुली आली की आळीपाळीने, ज्याची पाळी त्याने ऑफिसला कळवायचं, मीटिंग कोणाची मोठी यावर चर्चा नाही. फ्रीजवर कागद आहे. त्याखाली खालच्या मजल्यावरच्या काकूंचा नंबर, दोन तासांपर्यंतच्या अडचणीसाठी, आणि लेकीच्या जुन्या पाळणाघराचा, ते ओळखीच्या मुलांना दिवसाचे ५०० घेऊन ठेवतात.

परवापासून मावशी जत्रेला चालल्यात, चार दिवस. सोम-मंगळ नवरा, बुध-गुरू मी. बुधवारी माझं रिव्ह्यू आहे आणि मी ते सकाळी आठला ओढून घेतलंय, तेव्हा धाकटा झोपलेला असतो. असतो बहुतेक.